लालबाग ते मालवण, गॅलरीमार्गे

लालबागहून मालवणला पायी गेलेली एक बाई मला ठाऊक आहे. वय शहात्तर, खुब्यात स्टीलचा रॉड, हातात वॉकर. आणि सगळा रस्ता तिने आमच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून एक पायरीही न उतरता कापला. ही थाप नाही. माझ्या थापा वेगळ्या असतात, त्या लगेच ओळखू येतात. चाळीतल्या पोरांनी तर त्यांना नंबर दिलेत. "लवूमामा, आज सात नंबरची सांगा, मगरीवाली."

बाईचं नाव गंगुबाई. तिचा नवरा भिवा आणि मी एका गावचे, एका गिरणीतले, साचेखात्यात शेजारशेजारच्या साच्यांवर, म्हणजे मागांवर, उभे राहिलेले. साच्यावर धागा तुटतो. दिवसातून चाळीस वेळा तुटतो. मी प्रत्येक वेळी त्याच्या आईबापाचा उद्धार करायचो. भिवा गप्पपणे गाठ मारायचा आणि साचा परत सुरू करायचा. संपानंतर गिरणी गेली तेव्हा मी दोन वर्षं नशिबाला शिव्या देत बसलो. भिवाच्या बायकोने तिसऱ्या आठवड्यात मार्केटच्या तोंडाशी पोतं अंथरलं आणि नारळ विकायला बसली. तीस वर्षं बसली. त्यांचा मुलगा राहुल त्या नारळांवर इंजिनियर झाला. भिवा आता नाही, पण गाठ मारण्याची त्याची सवय त्या घरात राहिली आहे असं मला वाटतं.

तर चैत्रात ही गंगुबाई कैऱ्यांची पिशवी घेऊन जिना चढत होती. वरून सहाव्या पायरीवर पाय सटकला. कैऱ्या तळमजल्यापर्यंत गेल्या, ती मधल्या वळणावर अडकली. खुबा मोडला. ऑपरेशन झालं आणि चौघांनी खुर्चीत बसवून तिला वर आणली. खुर्ची खोलीत टेकली आणि तिने जाहीर केलं, "आता त्या जिन्याचा तोंड बघूचंय नाय."

राहुल विरारला सतराव्या मजल्यावर राहतो. दोन लिफ्ट आहेत. पोरगा चांगला आहे, आईवर जीव आहे. म्हणूनच एका रविवारी तो येऊन स्पष्ट बोलला.

"आये, तिसऱ्या मजल्यावर तू एकटी. उद्या काही झालं तर परत खुर्ची शोधायची? दसऱ्यापर्यंत तू आपल्या पायांनी हा जिना उतरून परत चढलीस, तर राहा इथेच, मी एक शब्द बोलणार नाही. नाहीतर दसऱ्याला गाडी घेऊन येतो."

"थय खिडकीतसून नुसते ढग दिसतत," गंगुबाई म्हणाली. "ढगांशी काय बोलतलंय मी?"

"व्हिडिओ कॉल कर की सगळ्यांना."

"तू कर. ढगांक."

राहुल गेला. ती पलंगावर बसून राहिली. पन्नास वर्षं जिच्या आवाजाने मजला जागा व्हायचा ती बाई गप्प. मला ते बघवेना.

व्यायाम करून घ्यायला मेघना नावाची एक मुलगी परळहून आठवड्यातून तीनदा यायची. गोड मुलगी, पण हुकूम हवालदाराचे. "आजी, गॅलरीत फेरे मारायचे. आज दोन, उद्या तीन. वॉकर सोडायचा नाही हां." गंगुबाई दोन फेरे मारायची आणि बसायची. मेघना म्हणायची, अजून एक. ती म्हणायची, कित्याक? प्रश्न बरोबर होता. पंधरा खोल्यांची गॅलरी, या टोकाला मोरी, त्या टोकाला जिना. मोरीपासून जिन्यापर्यंत जाऊन परत मोरीपाशी यायला कुठल्या माणसाला हुरूप येईल?

त्या टोकाला जिन्याच्या तोंडाशी माझं स्टूल असतं. तिथून मी म्हटलं, "वयनी, गावाक येतंस काय?"

"कसली?"

"एक फेरो एक किलोमीटर. लालबाग ते मालवण पाचशे. मृगात निघालंव तर दसऱ्याच्या आदी पोचतलंव."

"चलत?"

"बोटीन इली असतंस, पण ती बंद झाली."

गंगुबाई लग्न होऊन बोटीने मुंबईत आली होती. रत्नागिरीपासून भाऊच्या धक्क्यापर्यंत ती ओकत होती आणि भिवा शेजारी लिंबू हातात धरून उभा होता, असं ती अजून सांगते. ती जरा हसली. "बोट नको. रस्त्यान जावया." मग माझ्याकडे बोट करून मेघनाला म्हणाली, "पण मोजतलंय मी. ह्याचो काय भरवसो? हो माका पेणेहून एकदम कणकवलीक नेयत."

हातात खडू घेऊन तिने आपल्या दाराच्या चौकटीवर रेघा ओढायला सुरुवात केली. रेघांचे गठ्ठे करून, वर गोल काढून. शंभर झाले की ती मोठ्याने सांगणार, आणि आम्ही मानणार.

निघालो. खरं म्हणजे ती निघाली. मी स्टुलावर बसून गावं पुरवली. पनवेलपर्यंत तिला दोन आठवडे लागले. दुखायचं. सत्तराव्या फेऱ्याला तिने वॉकर भिंतीला टेकवला आणि डोळे पुसत म्हणाली, "लवू, माका जमाचा नाय." मी म्हटलं, पेण जवळ आहे, तिथे जरा बसू. आणि पेणला माझं काय झालं ते सांगितलं. मी एकदा पेणला एसटीतून उतरून एका गणपतीच्या कारखान्याच्या ओट्यावर झोपलो होतो. पोट सुटलेलं, अंगावर सदरा नाही. मूर्तिकाराला वाटलं, हा साच्यातून काढून वाळत ठेवलेला. जाग आली तेव्हा त्याने माझा एक कान गुलाबी करून संपवला होता आणि दुसऱ्याला हात घातला होता.

"मेल्या, खोटा किती बोलशीत?" ती म्हणाली, आणि वॉकर उचलला. कान कुठला, डावा की उजवा, हे तिला पुढच्या टोकाला आल्यावर विचारायचं होतं.

असं ते जमलं. प्रत्येक गावाची गोष्ट फेरा पूर्ण झाल्यावरच. कशेडी घाटात एसटीचे दिवे गेले तेव्हा कंडक्टरने काजवे पकडून तिकिटांच्या पेटीत भरले आणि पेटी उघडी धरून बॉनेटवर बसला. खाली उतरेपर्यंत अर्ध्या प्रवाशांच्या तिकिटांवर पिल्लं झाली होती. राजापूरच्या चढावर गाडी इतकी हळू चालली की मागच्या सीटवरचा माणूस उतरला, बागेतून काजू गोळा केले, भाजले, सोलले आणि चालत येऊन परत आपल्याच जागेवर बसला. चिपळूणला वॉकर सुटला आणि काठी आली. मधल्या खोलीतल्या प्रितीच्या दारातल्या चपलांच्या रॅकचा आम्ही टोलनाका केला. तिथून जाताना गंगुबाई काठीने रॅकला ठोकायची आणि प्रिती आतून ओरडायची, "पास आहे, जाऊ द्या!"

गणपतीत रस्ता तुंबला. तो तुंबतोच. फक्त आमचा तिसऱ्या मजल्यावर तुंबला. प्रत्येक खोलीत वीस पाहुणे, गॅलरीत चपलांचा खच आणि पंगत. गंगुबाई दहा दिवस राजापूरला अडकून पडली. मला भीती होती की बसली ती बसली. पण अकराव्या दिवशी सकाळी सातला काठीचा आवाज आला. मी दात घासत होतो. "चल," ती म्हणाली, "कणकवलीक जावचा हा."

त्या महिन्यात मला एक गोष्ट कळली. मी जन्मभर प्रवासाच्या गप्पा मारल्या, पण घाट कसा चढतात ते मला या बाईने दाखवलं. घाटात वरचं टोक दिसत नाही. दिसतं पुढचं वळण. तिला मालवण दिसत नव्हतंच, तिला दिसायचं माझं स्टूल, आणि तिथून वळल्यावर मोरी. तेवढंच ती चालायची. आणि परत तेवढंच. पाचशे किलोमीटर चालणारं माणूस कसं असतं असं कोणी विचारलं तर मी सांगेन, ते शेजारच्या मोरीपर्यंत चालतं.

पण दुसरीही गोष्ट मला दिसत होती, कारण माझं स्टूल तिथेच होतं. दर फेऱ्याला ती जिन्याच्या तोंडाशी यायची आणि वळताना चेहरा भिंतीकडे करायची. मेघना म्हणायची, आजी, आजपासून दोन पायऱ्या करून बघू? ती म्हणायची, "मालवण येवदे. मालवण इला काय दुसऱ्या दिवशी जिनो. देवीक शब्द दिलंय." मेघनाने हिशेब केला. रोज पाचसहा फेरे म्हणजे दसऱ्याच्या आधी चार-पाच दिवस हातात राहतात, तेवढ्यात जिना बसवू. ठीक.

आता एक कबुली देतो, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. मी स्वतः पावणेदोन वर्षं तो जिना उतरलो नव्हतो. खुबा शाबूत, गुडघे जरा कुरकुरतात, बाकी काही नाही. एकदा उतरताना डोळ्यांपुढे अंधारी आली, कठडा धरून बसलो, आणि नंतर उद्या उतरू, परवा उतरू असं करत राहिलो. भाजी दोरीच्या टोपलीतून वर येते, पेपर येतो, डॉक्टर फोनवर भेटतो. आणि स्टुलावर बसून जगभरच्या बाता मारणाऱ्या माणसाला कोण विचारतं, तू शेवटचा रस्ता कधी ओलांडलास?

खंडेनवमीच्या सकाळी गंगुबाईने चौकटीवर शेवटची रेघ ओढली आणि ओरडली, "पाच शेकडे! इलंव!" प्रितीने शिरा केला. कोणीतरी दारावर आंब्याचे डहाळे बांधले. गंगुबाईने उंबऱ्यावर नारळ फोडला, एका घावात, तीस वर्षांचा हात. दसरा दुसऱ्या दिवसावर आला होता. मेघना जरा चिंतेत होती, की अंदाजापेक्षा इतका उशीर कसा झाला. शिरा खाता खाता ती चौकटीवरच्या रेघा मोजायला लागली.

"आजी, ही एक रेघ म्हणजे किती?"

"एक फाडी."

"म्हणजे?"

"चार. चार नारळाची एक फाडी."

"आणि शेकडा झाला की गोल. मग एका गोलात पंचवीस रेघा पाहिजेत ना? सव्वीस आहेत. सगळ्यांत सव्वीस आहेत."

"सव्वीसच असतत. शेकडो सव्वीस फाड्यांचो."

मेघनाने फोन काढला. "सव्वीस गुणिले चार, एकशे चार. आजी, तुमचा शेकडा एकशे चारचा?"

"मग? नारळाचो शेकडो आनी कितीचो असता?" गंगुबाईला प्रश्नच कळेना. "चार नासके निघतत, म्हणान घाऊकवालो वरचे देता."

"पण आजी, फेरे नासत नाहीत!"

सगळा मजला हसला. मी सगळ्यात जास्त. मी म्हटलं, "वयनी, तू पाचशेवीस चललंस! मालवण कधीच गेला मागे. बारा किलोमीटरवर देवबाग, थय जमीन संपता. आठ किलोमीटर तू समुद्रात आहंस!"

"म्हणानच काल पाय जड लागत होते," ती म्हणाली.

मग तिचा चेहरा उतरला. तिला आधी कळलं, मला मागून. वीस फेरे म्हणजे चार दिवस. शब्दाप्रमाणे ती चार दिवसांपूर्वीच जिन्यावर उभी राहायला हवी होती. ते चार दिवस तिने नासक्या नारळांसाठी ठेवून दिले होते.

मेघनाने शिऱ्याची बशी खाली ठेवली. "आता सुरू करू. घाबरायचं नाही. उतरताना दुखरा पाय आधी, चढताना चांगला पाय आधी. एवढंच."

गंगुबाई कठड्याला धरून उतरली. एक. दोन. तीन. पाचव्या पायरीवर थांबली. सहावी पायरी समोर होती. पाय उचलला, हवेत धरला, परत ठेवला. पाच मिनिटं तशी उभी राहिली. मग म्हणाली, "नाय," आणि वर आली. त्या दिवशी तीनदा उतरली, तिन्ही वेळा पाचव्या पायरीवरून परत. संध्याकाळी तिने ट्रंक उघडून लुगड्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

दसऱ्याच्या सकाळी नऊला तिचा फोन वाजला. "आये, दादरला आहे. झेंडू घेतो आणि निघतो. अर्ध्या तासात पोचतो." मेघना सुट्टी असूनही आली होती. गंगुबाई नवं लुगडं नेसून गॅलरीत आली, सरळ माझ्या स्टुलापाशी, आणि काठीने माझ्या पायाला ढोसलं.

"उठ. फुडे हो."

"मी?"

"मग कोण? पाचशेवीस किलोमीटर माका एकटीक चलवलंस. आता फुडे हो."

"वयनी, माका आज जरा..." मी सुरुवात केली. मला एक छान कारण सुचलं होतं, त्यात एक वैद्य आणि एक मुंगूस होतं.

"तू शेवटचो कधी उतारलंस खाली?"

मी टोपलीची दोरी गुंडाळायला घेतली.

"गेल्याच्या गेल्या संक्रांतीक. माका काय दिसत नाय? रोज तुझ्या तोंडाफुड्यान जातंय मी."

मेघना माझ्याकडे बघायला लागली. "आजोबा, खरंच?"

आता या वयात एका तरुण मुलीपुढे काय बोलणार? उठलो. कठडा धरला. पहिली पायरी उतरलो. मागे मेघना, तिच्या मागे गंगुबाई, एक हात कठड्यावर, एका हातात काठी. दुखरा पाय आधी, दुखरा पाय आधी, मेघना म्हणत होती; मला दोन्ही दुखरेच वाटत होते. पाचवी आली. मी सहावीवर उतरलो आणि मागचा काठीचा आवाज थांबला.

"लवू."

"काय?"

"कायतरी सांग."

मी तोंड उघडलं. जिंदगीत पहिल्यांदा काही आलं नाही. मगर नाही, कंडक्टर नाही. खाली अंधुक वळण दिसत होतं, आणि तोंडातून आपोआप निघून गेलं.

"वयनी, माका लय भीती वाटता."

वरून हसू फुटलं. भिवा असताना हसायची तसं, पोटातून. "आवशीक खाव! पन्नास वर्सांत पयल्यांदा खरा बोललंस!" आणि हसताहसताच तिचा पाय सहाव्या पायरीवर आला. तिला पायरीचं भान नव्हतं. भान आलं तेव्हा ती सातवीवर होती, आणि सातवीवर तिचं काही वैर नव्हतं.

चोपन्न पायऱ्या. वीस मिनिटं. दोन वळणांवर बसलो. तळाला आलो तेव्हा दारातल्या तोरणाची फुलं माझ्या टकलाला लागली. चाळीच्या ओट्यावर आम्ही दोघं बसलो. रस्त्यावर टॅक्सींना झेंडूच्या माळा, ढोलवाले, एक बाई आपट्याची पानं विकत होती. पावणेदोन वर्षांत समोरचं केशकर्तनालय जाऊन तिथे मोबाईलचं दुकान आलं होतं आणि मी कालपर्यंत पोरांना त्या न्हाव्याच्या गोष्टी सांगत होतो. मला बरं वाटत होतं. इतकं बरं वाटत होतं की कोणाला काही बनवून सांगावंसं वाटेना.

राहुलची गाडी आली. तो उतरला, एका हातात झेंडूची पिशवी, दुसऱ्यात मिठाई, आणि आमच्यासमोरून सरळ जिन्याकडे निघाला.

"खंय चललंस?" गंगुबाई म्हणाली.

तो वळला. आईला बघितलं, मला बघितलं, वर तिसऱ्या मजल्याकडे बघितलं. "कोणी आणलं तुला खाली?"

"ह्यांणी," ती आपल्या पायांवर थाप मारत म्हणाली. "आता वर जावचा हा. अर्धा बाकी हा. चल."

"थांब, मी धरतो."

"माका धरू नको. पिशव्या धर."

चढलो. चांगला पाय आधी. मेघना मागून, राहुल सगळ्यात शेवटी, दोन्ही हातांत पिशव्या आणि तरीही हात पुढे केलेले, आई मागे पडली तर झेलायला. पहिला मजला गेला. प्रत्येक पायरीवर गंगुबाईच्या तोंडून एक हुंकार निघत होता, भरलेलं पोतं सरकवताना निघतो तसा. सहावी पायरी दुसऱ्या मजल्याच्याही वर होती, तिला अजून वेळ होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आली तेव्हा ती घामाने निथळत होती, पण उभी होती.

मागे धप्प आवाज झाला. राहुल पायरीवर बसला होता. सतराव्या मजल्यावर लिफ्टने जाणारा माणूस. तोंड लाल, छाती भात्यासारखी, झेंडू मांडीवर सांडलेले.

"काही नाही," तो म्हणाला. "एक मिनिट. आये, तू थांबू नकोस."

गंगुबाईने काठी कठड्याला अडकवली, पदराने आधी आपला घाम पुसला आणि मग वाकून त्याचा.

"थांब रे लवू," ती वरच्या पायरीवरच्या मला म्हणाली, "झिलाक दम लागलो."

आम्ही थांबलो. राहुलने दम खाल्ला, झेंडू गोळा केले, मग मान वर न करताच म्हणाला, "विरारच्या खोलीत मी तुझ्यासाठी पलंग घेऊन ठेवलाय."

"बरा केलंस. दिवाळेक येतंय चार दिस, तेवा निजान," ती म्हणाली, आणि चांगला पाय वरच्या पायरीवर ठेवला.